दुखणं, दहापैकी

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ७. दुपारी ८. आता ५.

नागपूरच्या डॉ. बाईंनी निघताना बजावलं, दुखणं रोज दहापैकी किती ते लिहून ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. घरात कोरी वही नाही. कृषी ऑफिसची जुनी डायरी काढली. मागच्या पानांवर मालेगाव तालुक्यातल्या सोयाबीनवरच्या किडी, पुढच्या पानांवर माझी छाती.

शनिवारी ऑपरेशन, काल गाडीनं वाशीमला परत. वर्षा सोबत होती. शाळेपासूनची मैत्रीण नर्स असली की सेवाही होते आणि शिव्याही बसतात.

दुपारचे ८ माझ्याच अकलेचे. गोळी सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. दोन वाजता काही दुखतच नव्हतं. म्हटलं उगाच कायले घ्यायची, किडनी खराब होते म्हणतात. साडेतीनला सुरू झालं. छातीवर पाटा ठेवून कोणी ठेचा वाटून राह्यलं असं. वर्षाला फोन केला.

"दुखल्यावर घेतात का येडे? दुखायच्या आधी घेजो. घड्याळ पाहून. किडनीचं डॉक्टरले कळते, तुले नाई."

गोळी लागू पडायला पाऊण तास. तोवर पंख्याची पाती मोजली. तीन आहेत. पुन्हा मोजली.

११ फेब्रु., बुधवार

६, ५. गोळ्या तिन्ही वेळेवर. शहाणी पोरगी.

हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. या घरात सगळं खांद्याच्या वरच आहे हे आज कळलं. चहाचा डबा वरच्या फळीवर. आई माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, तरी डबा तिथं काहून ठेवते? स्टुलावर चढायचीही सोय नाही, तोल गेला तर हात वर जाणारच. गरम पाण्यात गूळ टाकून प्यायले आणि त्याला चहा म्हटलं.

आई मेडशीला मामाकडे, तूर काढायला. तेवढे दिवस साधूनच तारीख घेतली होती. आज फोनवर सांगून टाकलं.

"आई, खांद्याचं छोटंसं ऑपरेशन झालं. नस दबली होती."

"कोन्त्या खांद्याचं?"

हे ठरवलंच नव्हतं. "उजव्या."

"उद्या येतो मी."

"नको ना, तूर राहू दे का तशीच?"

"तूर काई रडून नाई राह्यली."

खांदा सांगितला कारण हात वर होणार नाही हे तरी खरं. बाकी खरं इथंच लिहून ठेवते, एकदाच. माझ्या छातीची डावी बाजू वाढलीच नाही. दहावीपासून सतरा वर्षं डावीकडे रुमालाची घडी ठेवत आले. एसटीत गर्दी असली की दांडा धरायचा का रुमाल, हा माझा रोजचा प्रश्न. ब्लाउज शिवताना "ढिलाच ठेवा", लग्नात नाचायचं नाही, कबड्डी सोडली. लग्नाची चार स्थळं मीच काहीतरी खोट काढून परत पाठवली. आता दोन्हीकडे भरून घेतलं, डावीकडे जास्त, उजवीकडे जरासं. मला पाहिजे होतं म्हणून. कोणाला कळलं तर लाज वाटेल, पण मरणार नाही.

आईला मात्र कळायला नको. पहिल्या भेटीत डॉ. बाईंनी डावीकडचे तीन काळे डाग पाहिले. "हे काय?" म्हटलं, सहा महिन्यांची होते, छाती भरली होती, बिब्बा लावला होता. त्यांनी डाग बोटानं दाबून पाहिले. मग म्हणाल्या, वाढीची गाठ त्या वयात कातडीखालीच असते, तीच भाजली असणार.

बिब्बा आईनं लावला होता. आपल्या हातानं. आणि त्या बिब्ब्यानंच लेक वाचली असं ती एकतीस वर्षं गल्लीला सांगत आली आहे.

तर खांदा. उजवा.

१२ फेब्रु., गुरुवार

५, ४.

आई आली. सोबत नव्या तुरीचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, ऑटोवाल्यानं आत आणून टाकला. मला पाहून आधी रडली, मग चहाचा डबा काढला, मग रागावली. या क्रमानं.

पाठीवर आडवं झोपायचं नाही, अर्धवट बसून झोपायचं, पंचेचाळीसचा कोन. उशा घसरतात. आईनं कट्टा भिंतीला लावला, वर गोधडी टाकली. "टेक." टेकले. आहाहा. तूर अंगाच्या घडीप्रमाणे बसते, कापूस झक मारतो. कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला, सत्तेचाळीस. दोन मूठ डाळीला काढली की बरोबर होईल.

आईला दहापैकीचं सांगितलं. "आज पाच."

"दहापैकी पाच? अन परवा सात? गणितात तुले कधी एवढे भेटले नाई."

हसले. हसल्यावर ६. हसणं बंद.

१३ फेब्रु., शुक्रवार

सकाळी ४. अकरा वाजता ९. नऊ!

आईनं वरणाला लाल मिरचीची फोडणी दिली. ठसका स्वयंपाकघरातून निघाला तो सरळ माझ्या नाकात. शिंक येणार हे कळतं, थांबवता येत नाही, आणि त्या अर्ध्या सेकंदात माणूस आपलं सगळं पाप आठवतो. तीन शिंका. तिसरीला मी आईलाच "आई गं" म्हणाले.

ती पळत आली. "पाह्यलं? सर्दी. सतरा वर्षांची सर्दी हाय तुही. रोज एक रुमाल धुतो मी."

घ्या. दहावीत रुमाल इतके कशाला लागतात म्हणून विचारलं तेव्हा सर्दी सांगितली होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात अडुळशाचा काढा पिते आहे. नसलेल्या सर्दीसाठी. सतरा हिवाळे.

वर्षा (पुढं नुसतं व.) फोनवर म्हणाली, छातीवर उशी धरून शिंकायचं, मग कमी दुखतं. हे तीन शिंका आधी सांगता आलं नसतं का?

१४ फेब्रु., शनिवार

४, ४.

भेटायला येणाऱ्यांची रांग. बिस्किटपुडे सहा, केळी दोन डझन. शेजारच्या शोभाबाई आल्या, "जय भीम" घातला आणि मांडी घालून बसल्या ते दीड तास. दुपट्ट्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला आहे, खांद्याचं नाटक म्हणून. शोभाबाई टक लावून पाहात होत्या.

"काल उजवा व्हता ना वं?"

पाहिलं तर डावा हात झोळीत. अंघोळीनंतर चुकून बदलला. घाम फुटला.

"दोन्हीचं केलं," म्हणाले.

"बापा! दोन्ही?"

"एकदाच भूल दिली, त्यात दोन्ही."

आई दारातून, "मले तर उजवाच सांगतला."

"तू घाबरशील म्हणून."

आई पुन्हा रडली. माझ्यामुळे. नसलेल्या खांद्याच्या दुखण्यासाठी. लय वाईट वाटलं, खरंच. पण एक झालं, संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं की सुजाताचे दोन्ही हात गेले. आता पुढच्या आठवड्यात शोभाबाईच्या पापडाला मला कोणी बोलावणार नाही. आमच्या गल्लीत एकीचे पापड सगळ्यांनी लाटायचे, मग दुसरीचे, आणि त्यातून सुटका फक्त बाळंतिणीला.

१५ फेब्रु., रविवार

छाती ३. पोट ८.

डॉ. बाईंनी पोटाचं सांगितलं नव्हतं असं लिहिणार होते. सांगितलं होतं. जोराच्या गोळीनं पोट बांधलं जातं, पातळ औषध रोज रात्री घ्यायचं, पाणी भरपूर. मी बाटली उघडलीच नव्हती. चार दिवस. कुंथायची सोय नाही, कुंथलं की छाती ओढते. बाथरूममध्ये बसून मी तथागतांची करुणा भाकली.

आईला सांगावंच लागलं. तिचं तोंड उजळलं. खांद्यातलं तिला काही कळत नाही, पण पोट म्हणजे तिचा इलाखा. पपई, कोमट पाणी, इसबगोल, अंगणात वीस चकरा. "हात गेले तरी पाय हायेत ना? चाल." वर औषधाचे दोन चमचे.

साडेचारला यश. आईनं शोभाबाईला भिंतीवरून ओरडून सांगितलं. शोभाबाईनं बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेला, फोनवर. मी मालेगावला ऑफिसजवळ खोली घेऊन तिथंच राहायला जावं म्हणते.

१७ फेब्रु., मंगळवार

सकाळी ३. जोराची गोळी बंद, आता साधीच, तीही दोनदा. मधूनच सुईसारखी कळ येते आणि जाते. व. म्हणते नस जागी होते आहे, चांगलं आहे. तिला सुई टोचून सांगावं, चांगलं आहे.

दुपारचं लिहू का नको.

लिहिते. जेवण झालं. मी कट्ट्याला टेकलेली (कोन बेचाळीस, वरणं चालू आहेत). आईनं कपाटाखालून डबी काढली. पावडरीची जुनी डबी, बिब्ब्यांची. दिवा लावला. दाभण घेतली.

"मेडशीवरून ताजे आणले. दोन्ही खांद्याले तीन-तीन ठिपके. पाह्य तू, आठ दिवसांत घागर उचलशील."

"नको आई. डॉक्टरनं सांगितलं आहे, शेक नाही, लेप नाही, चोळणं नाही. काहीच नाही."

"डॉक्टरले काय मालूम? तू सहा महिन्याची होती. डबा झालता तुले, छाती घरघर करे. तुह्या बापानं सायकल काढेपर्यंत तू निळी पडली. मी बिब्बा लावला, तवा तू रडली. तवा मले..."

बिब्बा दिव्यावर धरला. तेल सुटलं. तो वास. मला तो वास आठवायचं कारण नाही, सहा महिन्यांच्या पोराला काय आठवणार. पण ती जवळ आली आणि माझ्या तोंडून निघालं:

"एकदा भाजली तेवढी पुरे नाही झाली का?"

तिचा हात तिथंच थांबला.

"भाजली?"

"म्हणजे... डाग आहेत ना. तेच म्हणते."

तिनं दिवा फुंकला. डबी बंद केली. भांडी घासायला गेली, जी आधीच घासलेली होती.

संध्याकाळी किती ते लिहायचं राहून गेलं. छातीचे ३.

१८ फेब्रु., बुधवार

३, २. आई फोडणी मोहरीचीच देते, मिरची नाही. दोन वाजता गोळी आणि पाणी समोर ठेवलं. म्हटलं दुपारची आता बंद झाली. "मंग राहू दे," म्हणाली आणि गोळी परत पाकिटात घालायला लागली. फोडलेली गोळी परत जाते का? दोघी पाहात बसलो.

२० फेब्रु., शुक्रवार

नागपूरहून परत, व.सोबत. टाके ठीक, ताप नाही, सूज दोन्हीकडे सारखी. एक बाजू एकाएकी फुगली, लाल झाली, ताप आला तर लगेच फोन करा, बाकी घाबरू नका. आधाराची चोळी अजून महिनाभर, दिवसरात्र. आरसा दाखवला.

दोन सारख्या बाजू. माझ्या. सुजलेल्या, चिकटपट्ट्या लावलेल्या, पण सारख्या. मी आरशासमोर रडले आणि डॉ. बाई म्हणाल्या, हुंदके देऊ नका, ताण पडतो. आता रडणंही बंद.

येताना रस्त्यावरचे गतिरोधक: पहिला ४, दुसरा ५, वाशीमच्या अलीकडचा एक बिनरंगाचा, त्याला ८.

घरी येऊन कट्ट्यावर झोपले. गाऊन पुढून बटणांचा, गरम होत होतं, दोन बटणं उघडी. जाग आली तर अंगावर गळ्यापर्यंत आईचं जुनं लुगडं पांघरलेलं. झोळीचा दुपट्टा धुऊन दोरीवर वाळत घातलेला.

"चहा घे," आई म्हणाली. एवढंच.

दुपट्टा मळला होता म्हणून धुतला असेल. असेल ना?

२२ फेब्रु., रविवार

सकाळी २. दुपारी ४, ओरडले म्हणून.

व. आली होती. आई शोभाबाईकडे पापडाला गेलेली. व. कट्ट्याच्या काठावर बसून नखं पाहात होती. तिला काही लपवायचं असलं की नखं पाहते.

"काल मावशी दवाखान्यात आलती माह्याकडे. चालत."

"का?"

"एकच इचारलं. तान्ह्या पोरीच्या छातीले बिब्बा लावला त मोठेपणी वाढ थांबते का?"

"तू काय सांगितलं?"

"मी खोटं नाई बोलली सुजे. दवाखान्यातला डगला घालून मले खोटं बोलता येत नाई. म्हटलं, थांबू शकते."

मी ओरडले. तिला काय काय बोलले ते लिहीत नाही, ही वही डॉ. बाई पाहणार आहेत. व. म्हणाली, "तुहं इचारलंच नाई तिनं. खांद्याचं, छातीचं, काई नाई. आयकलं, हाव म्हटलं, अन गेली. मी ऑटो करून देतो म्हटलं त नाई म्हणे."

एवढं मी सांभाळलं. सतरा वर्षं रुमाल, दोन खोटे खांदे. आणि ती गुडघे धरून चालत गेली आणि विचारून आली.

२३ फेब्रु., सोमवार

२.

सकाळी आई कपडे आवरत होती. माझे रुमाल सगळे जमा केले. निळे, चौकटीचे, बाबांचे जुने दोन. एक-एक घडी हातानं दाबून सारखी केली, सगळ्यांचा गठ्ठा बांधला.

"हे ठेवून देऊ का वर? आता सर्दी नाई ना राह्यली तुले."

"नाही," म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली. "लय वर्षं व्हती."

मग गठ्ठा चहाच्या डब्याशेजारी ठेवला, वरच्या फळीवर. जिथं माझा हात जात नाही.

मला म्हणायचं होतं, आई, तू नसतं केलं तर मी वाचलेही नसते कदाचित, बाबांची सायकल कुठवर पोचणार होती. पण बिब्ब्यानं वाचले का नुसतीच वाचले, हे मलाही माहीत नाही. खोटं बोलून झालं, आता अर्धवट खरं कसं बोलू?

बोलले ते हे: "आई, वेणी घालून दे. हात वर जात नाहीत."

तिनं लय वेळ घातली. लहानपणी घालायची तशी घट्ट, डोळे ताणले जातील इतकी. डोकं ३. लिहायला हरकत नाही.

२६ फेब्रु., गुरुवार

सकाळी १. खरंच एक. सोमवारी ऑफिस. सहा आठवडे होत नाहीत तोवर एसटीचा दांडा धरायचा नाही, बसायला जागा मिळाली तरच चढायचं. मालेगावच्या गाडीत जागा. बघू.

तूर दबत आली, कोन तीस. आता उशीवर झोपले तरी चालेल, पण सवय झाली.

अकरा वाजता शोभाबाई आल्या, नातीला घेऊन. चार महिन्यांची, सुनेच्या माहेराहून परवाच आली. खोकत होती. शोभाबाई उंबऱ्यातूनच, "अक्का, बिब्बा काढ वं. पोरीची छाती वाजून राह्यली."

मी कट्ट्यावर सरळ झाले. आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"बिब्बे सरले," म्हणाली.

"सरले? आत्ताच त मेडशीवरून आणले ना तू?"

"सरले म्हणतो ना."

डबी कपाटाखाली आहे. मी पाहिली आहे, अर्धी भरलेली.

आईनं सूप खाली ठेवलं. पोरीला घेतलं, झबलं वर करून छातीला कान लावला. मग उघडी छाती तळहातानं झाकून धरली, हात काढलाच नाही. "दवाखान्यात ने. आत्ता. वर्षा हाय तिथं, नाव सांग माहं. अन आयक शोभा, कोणी काई म्हटलं तरी हिच्या छातीले काई लावू नको. लावजो नको काईच. लागलं त मीच येतो सोबत."

आणि गेली. एका हातानं गुडघा धरत, नातीला पदरात घेऊन, शोभाबाई मागं चपला शोधत. दीड तासानं आली. छाती साफ आहे, साधी सर्दी, नाकात टाकायला थेंब दिले. "खरी सर्दी," म्हणाली माझ्याकडे पाहून. मी हसले. हसताना आता दुखत नाही.

चहा केला तिनं. माझ्याजवळ कट्ट्याला टेकून बसली. दोघींच्या वजनानं तूर आणखी दबली.

"आज किती तुहं?"

"एक."

"एकच? नापास झाली पोरगी."

चहा प्यायलो. मग मी विचारलं. "आई, तुझं किती?"

कप खाली ठेवला तिनं. बशीत सांडलेला चहा बोटानं गोळा करत राहिली.

"गुडघे? तीन असतीन."

गुडघ्यांचं मी विचारलं नव्हतं.